उसाच्या मुलखातील सरधना

गंगा आणि यमुना या दोन नद्यांमधील सुपीक पट्ट्याला दोआब म्हणतात. याच पट्ट्यात मेरठच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर सरधना हे छोटे शहर असून ते दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराला लागून असलेल्या पेसाक या उपनगरात नामांकित द्राक्षमळे जसे घरांच्या भिंतींना भिडलेले आढळतात, तसा येथे ऊस वस्तीच्या उंबऱ्यापर्यंत येतो, आणि गळिताच्या हंगामात गुऱ्हाळांतील उकळत्या रसाचा वास रस्ताभर सोबत करतो. मात्र पेसाकची ओळख तेथील मद्याने घडवली, तर सरधन्याची ओळख एका स्त्रीने घडवली.

ती स्त्री म्हणजे बेगम समरू. दिल्लीच्या नाचगाण्याच्या दुनियेतून आलेली फरजाना ही वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री युरोपीय सेनानीची सहचारिणी झाली. ‘समरू’ हे नावही त्याच्याकडून आले, कारण त्याच्या गंभीर, काळवंडलेल्या मुद्रेमुळे त्याला ‘सोंब्र’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘उदास’ असे टोपणनाव पडले होते आणि हिंदुस्थानी तोंडी त्याचे ‘समरू’ झाले. १७७८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पलटणी आणि सरधन्याची जहागीर, म्हणजे सैन्याच्या खर्चासाठी नेमून दिलेला महसुली मुलूख, हे दोन्ही बेगमेने स्वतःच्या हाती घेतले. १७८१ मध्ये तिने आग्र्यात कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली आणि ‘जोआना’ हे नाव स्वीकारले. १७९५ मध्ये तिच्याच फौजेने बंड केले, तेव्हा तिचा फ्रेंच पती ल व्हासू याने आत्महत्या केली आणि ती कैदेत पडली. तेथून तिला जॉर्ज थॉमस या आयरिश सरदाराने सोडवले. मराठी वाचकाला या कहाणीतील एक धागा अगदी घरचा वाटेल: आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली, तिच्यात बेगमेच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. पुढे तिने इंग्रजांशी जुळवून घेतले आणि हयात असेपर्यंत जहागीर राखली, आणि एवढ्या उलथापालथीत ती टिकवणे ही त्या काळातील विलक्षण कर्तबगारी मानावी लागेल.

तिने उभारलेले चर्च १८२२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा अंतोनियो रेगेलिनी या तिच्याच नोकरीतील इटालियन अधिकाऱ्याने केला. रुंद ओसरीचे भारदस्त खांब आणि जोड मनोरे दुरूनच नजरेत भरतात. आत शिरल्यावर पांढऱ्या संगमरवरी वेदीवर रंगीत दगड बसवून केलेले नक्षीकाम दिसते आणि आग्र्याच्या कारागिरीची आठवण होते. युरोपीय आराखडा आणि देशी हात यांचे असे सहज मीलन उत्तर भारतात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. सर्वाधिक वेळ द्यावा तो मात्र बेगमेच्या स्मारकाला. रोमचा शिल्पकार अदामो तादोलिनी याने घडवलेल्या या संगमरवरी समूहात सर्वांत वर बेगम आसनावर बसलेली आहे, अंगावर शाल असून उजव्या हातात बादशाही फर्मानाची, म्हणजे लेखी राजाज्ञेची, गुंडाळी आहे. सभोवती तिचा वारस डाइस सोंब्र, दिवाण, घोडदळाचा सरदार आणि बिशप उभे आहेत. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती माणसे तिच्या दरबारात जशी एकत्र वावरली, तशीच ती या दगडात एकत्र उभी राहिली आहेत.

२७ जानेवारी १८३६ रोजी तिचे निधन झाल्यावर जहागीर कंपनी सरकारात विलीन झाली, तरी तिच्या वास्तू राहिल्या. दिल्लीत चांदनी चौकातील तिच्या हवेलीचे आज भगीरथ पॅलेस झाले असून विजेच्या सामानाची ती मोठी बाजारपेठ आहे. सरधन्याच्या चर्चला १९६१ मध्ये पोपने ‘बॅसिलिका’ हा विशेष मानाचा दर्जा दिला, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी येथे भरणाऱ्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात, तेव्हा भोवतालच्या शेतांत ऊस तोडणीला आलेला असतो.