पदकाविना गेलेला हंगाम कसा वाचावा

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१९ ते २०२४ या काळात ३००० मीटर स्टीपलचेसच्या पाच सर्वोच्च स्पर्धांत धावला. दोहा जागतिक स्पर्धेत तो तेरावा आला, टोकियो ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत बाद झाला, अमेरिकेतल्या युजीनच्या जागतिक स्पर्धेत अकरावा आला, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा प्राथमिक फेरीतच थांबला आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये अकरावा आला. नुसते क्रमांक पाहिले तर पाचही वेळा पदरी निराशाच येते. पण धावण्याच्या शर्यतीत क्रमांकाबरोबर वेळही नोंदवली जाते. चाहत्याला जमेच्या बाजू सापडतात त्या या दुसऱ्या नोंदीत.

स्टीपलचेसमध्ये साडेसात फेऱ्यांच्या अंतरात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते. हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. इथला जड असतो आणि जागचा हलत नाही. त्यामुळे दमाइतकेच उडीचे तंत्र आणि घोळक्यातून वाट काढण्याचे कसब लागते. या प्रकारावर अनेक दशके केनियाचे वर्चस्व होते. शेतकरी कुटुंबातला, बारावीनंतर सैन्यात दाखल झालेला आणि सियाचीनमध्ये सेवा बजावलेला साबळे २०१७ मध्ये या शर्यतीकडे वळला.

पहिले माप म्हणजे धावपटूची स्वतःची वेळ. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे टिकला. साबळेने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशा वेळेने मोडला. दोह्यात प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या धडपडीत त्याची वाट अडली, तरी त्याने ८:२५.२३ असा नवा विक्रम केला. भारताची तक्रार मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले. तिथे तो तेरावा आला, पण ८:२१.३७ या वेळेने त्याने विक्रम पुन्हा मोडला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रताही मिळवली. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो सहावा होता आणि वेळ होती ८:०९.९१. सहा वर्षांत राष्ट्रीय विक्रम जवळपास वीस सेकंदांनी खाली आला.

दुसरे माप म्हणजे शर्यत कशी धावली गेली. टोकियोत प्रत्येक प्राथमिक शर्यतीतले पहिले तीन आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान सहा जण अंतिम फेरीत जाणार होते. साबळेची शर्यत अतिशय वेगवान झाली. ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम करूनही तो सातवा राहिला, तर तिसऱ्या, संथ शर्यतीतले पहिले तिघे याहून जास्त वेळ घेऊन पुढे गेले. युजीनला उलटे घडले. अंतिम शर्यत इतकी सावध धावली गेली की विजेत्या सुफियान अल बक्कालीलाच ८:२५.१३ लागले. अशा शर्यतीचा निकाल शेवटच्या फेरीतल्या वेगावर ठरतो आणि तिथे साबळे मागे पडला. पॅरिस ऑलिंपिकमध्येही तो अकराव्याच क्रमांकावर होता, पण ८:१४.१८ अशा वेळेने आणि या प्रकारात ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष म्हणून. क्रमांक एकच असला तरी युजीन आणि पॅरिस या दोन शर्यतींना एका मापाने मोजता येत नाही.

तिसरे माप म्हणजे संपूर्ण हंगाम. युजीननंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्ट २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८:११.२० वेळेत रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेता केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो अवघ्या ०.०५ सेकंदाने. १९९४ नंतर या शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारा केनियाबाहेरचा तो पहिलाच धावपटू ठरला. २०२३ मध्ये बुडापेस्टचे अपयश पदरी असताना काही आठवड्यांतच त्याने हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्य जिंकले.

जमेची बाजू शोधणे म्हणजे उणीव झाकणे मात्र नव्हे. संथ शर्यतीतला अखेरचा वेग ही साबळेची कमजोरी युजीनला उघड झाली होती, आणि बुडापेस्टच्या प्राथमिक फेरीत कोणताही विक्रम त्याच्या मदतीला आला नाही. जाणकार चाहता या दोन्ही गोष्टी ताळेबंदात मांडतो. २०२५ चा हंगामही तसाच मांडावा लागतो. मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमी इथे साबळेने आशियाई अजिंक्यपद जिंकले. पुरुषांच्या या शर्यतीत भारताला ते १९८९ नंतर प्रथमच मिळाले. जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. हंगाम अर्ध्यावर तुटला, पण गुमीचे सुवर्ण आणि ८:०९.९१ चा विक्रम त्याच्या खात्यावर कायम राहिले.