एक रेणू, तीन मुक्काम

रत्नागिरीहून पावसला जाणारे भाविक स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या ओढीने जातात, आणि एप्रिल-मेमध्ये गेले तर येताना आंब्याची पेटी घेऊन येतात. वाटेत गोळप-रनपारला फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना लागतो. बागा आणि कारखाना एकमेकांकडे पाठ फिरवून उभे आहेत, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. पण मागे वळून पाहिलं, तर दोन्हींमध्ये एकच पाहुणा दिसतो. दोन कार्बन, चार हायड्रोजन, नाव इथिलीन. घन, द्रव, वायू या अवस्थांत रेणू कसे हलतात, हे शाळेत तीन चौकटींत ठिपके काढून शिकवतात. या पट्ट्यात ते ठिपके गेली काही दशकं माणसांचं पोट भरताहेत.

सुरुवात अर्थात अढीची. बंद खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर चौदा आणे तयार झालेली फळं, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत हिरवा आंबा केशरी. फळ पिकू लागलं की स्वतःच इथिलीन सोडतं, तो वायू शेजारच्या फळाला लागला की तेही सोडू लागतं. रशियात द्मित्री नेल्युबोव्हने १९०१मध्ये या वायूचा रोपांवरचा परिणाम दाखवला, आणि फळं तो खरोखरच तयार करतात हे इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी १९३४मध्ये सिद्ध केलं. कोकणातल्या आज्यांना नाव ठाऊक नव्हतं, पण त्या वायूला कसं वागवायचं ते पक्कं ठाऊक होतं.

वागवायचं म्हणजे काय? मे महिन्याच्या उकाड्यात इथिलीनचा रेणू सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने धावतो. या वेगाने पावसहून रत्नागिरी मिनिटभरात गाठावी. प्रत्यक्षात तो कुठेच पोचत नाही, कारण हवेतल्या रेणूंशी त्याच्या सेकंदाला अब्जावधी टकरी होतात आणि प्रत्येक टकरीत दिशा बदलते. हवा अगदी निश्चल असेल, तर वीतभर अंतर पार करायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मीटरभर जायला आठ-नऊ तास. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट. म्हणून फळं एकमेकांना खेटून ठेवायची आणि वाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही. वाऱ्याची झुळूक आली, तर तासांचं काम क्षणात होऊन वायू निघून जातो. आंबा पिकल्याचा वास ओटीपर्यंत येतो तोही वाऱ्यावर स्वार होऊनच. तो रेणूंच्या एकट्याच्या भटकंतीवर सोडला असता, तर पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

मग आली घाई. मुंबईच्या बाजारात लवकर आलेल्या पेटीला भाव, आणि अढी तर आपल्याच चालीने चालणार. तेव्हा कागदाच्या पुडीत कॅल्शियम कार्बाईडचा खडा बांधून पेटीत ठेवायची रीत पसरली. फळाच्या ओलाव्याने खड्यातून ॲसिटिलीन निघतो. घनाचा वायू होतो तो असा. ॲसिटिलीनचा रेणू इथिलीनपेक्षा किंचित हलका, पसरतो तितक्याच झपाट्याने, पण फळावरचा त्याचा अंमल कितीतरी दुबळा. साल पिवळी, गर आंबट. शिवाय औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. जुन्या अन्नभेसळ नियमांतही त्याला बंदी होती, २०११च्या नियमावलीतही आहे. तरी पुडी पुरती गेलेली नाही, आणि हा दोष रसायनशास्त्राचा नव्हे, पहिल्या पेटीच्या भावाचा आहे.

१९९४मध्ये रनपारच्या कारखान्यात पीव्हीसीचं उत्पादन सुरू झालं, आणि इथिलीन दुसऱ्याच रूपात या किनाऱ्यावर उतरू लागला. उणे १०४ अंशांखाली थंड केला की त्याचा द्रव होतो. त्यासाठी उघड्या समुद्रात खास अतिशीत मालाची जेटी बांधलेली आहे. या थंडीत रेणूंची धावपळ मंदावते. ते एकमेकांना चिकटून असतात, तरी एकमेकांवरून घसरत राहतात. लिटरभर द्रव आपल्या हवेत सोडला, तर पाचशे लिटर वायू होईल. जहाजाने आणायचा तर द्रव करूनच आणणं परवडतं, ते यामुळे.

पुढे क्लोरीनशी संयोग करून, दोन-दोन कार्बनच्या जोड्यांची लांबच लांब साखळी केली की पीव्हीसी. इथे मूळ रेणू उरत नाही, पण त्याच्या कार्बनच्या जोड्या उरतात. त्या आता जागा सोडत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. ८० अंशांच्या पुढे मात्र साखळ्या सैल होतात. वाडीत पाईपचं तोंड जाळावर धरून मऊ करतात आणि दुसऱ्या पाईपवर चढवतात, ते याच बळावर. त्याच पाईपातून विहिरीचं पाणी कलमांना जातं.

फळाच्या आतही अवस्थांचा खेळ आहे. शीतगृहात हापूस फार थंड केला, साधारण १३ अंशांच्या बराच खाली, तर तो काळवंडतो आणि नीट पिकत नाही. पेशींच्या पडद्यांत स्निग्ध रेणू सैल, जवळजवळ द्रवासारखे असतात. थंडीत ते थिजतात, थेट पौष महिन्यातल्या खोबरेलासारखे, आणि पडदा गळू लागतो. म्हणजे आंबा टिकवायचा तर रेणूंना मंद करायचं, पण थांबवायचं नाही. ही मर्यादा फार अरुंद आहे.

२०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळं पिकवायला इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत एक भाग, वापरायला मुभा दिली. रायपनिंग चेंबरला त्यामुळे उघड मान्यता मिळाली. वीस अंशांच्या आसपास तापमान, दमट हवा, पंखे आणि मोजका वायू. ‘केमिकलने पिकवलेला’ म्हणून अजूनही काही लोक नाक मुरडतात. मला हे पटत नाही. तोच रेणू फळ स्वतः सोडतं, चेंबर फक्त पंख्याने त्याची वाट छोटी करतं. कार्बाईड आणि चेंबर यांना एकाच पंगतीत बसवणं अन्याय आहे. चव कमी-जास्त होते ती बहुतेकदा फळ चौदा आण्यांच्या आधीच घळाने उतरवलं म्हणून.

चेंबरची एक कटकट मात्र खरी. पिकणारं फळ श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो साचला की पिकणं मंदावतं. म्हणून दार अधूनमधून उघडून हवा बदलावी लागते. पेंढ्याला फटी असतात, तो वायू आपल्या चालीने बाहेर पडू देतो. चेंबरला वीजही लागते, आणि ऐन हंगामात ती गेली की पंखे थांबतात. त्यामुळे थोडी कलमं असलेले बागायतदार अजूनही पडवीतल्या खोलीत पेंढाच पसरतात.