दुसऱ्या मजल्यावरून पॅरिस

आयफेल टॉवरची उंची आज ३३० मीटर आहे आणि तिथे जाणाऱ्या बहुतेकांना थेट शेंड्याकडेच जायचं असतं. एवढा खर्च करून पॅरिसला आलो, मग मधेच का थांबायचं? विचार अगदी स्वाभाविक आहे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आग्रहानं सांगेन, तुमचा खरा वेळ दुसऱ्या मजल्यासाठी राखून ठेवा. शेंड्याजवळचा सज्जा २७६ मीटरवर आहे. तिथून क्षितिज दूर जातं, पण दारं-खिडक्या विरून जातात. दुसरा मजला ११६ मीटरवर, तिथून शहर अजून नांदतं दिसतं. पुलावरची बस, सेन नदीतली होडी, गच्चीवरच्या कुंड्या, सगळं ओळखू येतं.

पायांत बळ असेल तर तिथवर जिन्यानं चढावं. ६७४ पायऱ्या आहेत. धाप लागते, पण लोखंड हाताच्या अंतरावर येतं. १८,०३८ सुटे भाग आणि २५ लाख रिव्हेट यांतून हा मनोरा उभा राहिला, आणि तोही जानेवारी १८८७ ते मार्च १८८९ एवढ्या काळात. हे जमलं, कारण प्रत्येक भाग आधी कागदावर काटेकोर आखून कारखान्यातच तयार होत होता. जागेवर जुळवणी तेवढी उरत होती. मूळ कल्पना गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीतल्या मॉरिस केश्लँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांची. वास्तुरचनाकार स्तेफां सोव्हेस्त्र यांनी तिला डौल दिला. पायांचा तो सुंदर बाक मात्र वाऱ्याच्या हिशेबातून आलेला आहे.

पहिल्या मजल्याच्या सज्ज्याखाली बाहेरच्या बाजूनं ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली गेली. त्यांत एकही स्त्री नव्हती. स्थितिस्थापकतेच्या गणितात मोलाची भर घालणाऱ्या सोफी जर्मेन यांचंही नाव नव्हतं, आणि ही गोष्ट मला खटकते. लोखंड किती वाकेल, किती ताण सोसेल, हे कळायला तेच गणित लागतं.

आता कठड्याशी या. आग्नेयेला शाँ द मार्सची लांब हिरवळ आणि तिच्या टोकाला लष्करी विद्यालय. डावीकडे सोनेरी घुमट चमकतो, तो अँव्हालिदचा. त्याखाली नेपोलियनची समाधी आहे. आणखी पलीकडे नोत्र दाम कॅथेड्रल. २०१९ च्या आगीत त्याचा कळस कोसळला होता, तो पुन्हा उभा आहे. उत्तरेला विजयकमान, जिच्यापाशी बारा हमरस्ते येऊन मिळतात, आणि उजवीकडे मोंमार्त्रच्या टेकडीवरचं पांढरं साक्रे-कर चर्च. नैर्ऋत्येला नदीतल्या अरुंद बेटाच्या टोकाला स्वातंत्र्यदेवीचा छोटा पुतळा आपल्याकडे पाठ करून उभा आहे. न्यूयॉर्कच्या थोरल्या पुतळ्याच्या आतला लोखंडी सांगाडा आयफेल यांच्याच कंपनीनं बांधला होता.

या खुणा इतक्या स्पष्ट का दिसतात, हा विचार तिथे जरूर करावा. पॅरिसची घरं कापणीला आलेल्या जोंधळ्यासारखी एका उंचीत उभी आहेत. १८५३ पासून सतरा वर्षं प्रशासक बॅरन ओस्मान यांनी जुन्या गल्ल्या फोडून रुंद सरळ रस्ते काढले आणि दुतर्फा घरांना एकसारखी शिस्त लावली. त्यासाठी असंख्य गरिबांना घरं सोडून शहराच्या कडेला जावं लागलं, हेही त्या देखाव्यातच आहे. पुढे १९७३ मध्ये २१० मीटरचा काळपट मोंपार्नास टॉवर उठला. लोक इतके नाराज झाले, की १९७७ मध्ये शहरानं इमारतींना ३७ मीटरची मर्यादा घातली. मधे ती सैल झाली, २०२३ मध्ये पुन्हा आवळली. म्हणून ला देफाँस या व्यापारी भागातल्या काचेच्या इमारती दूर पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर दिसतात. मुंबई-पुण्याची क्षितिजरेषा दरवर्षी बदलताना पाहणाऱ्यानं हे डोळे भरून पाहावं.

ईशान्येला ऑपेराची भव्य इमारत दिसते. तिचे रचनाकार शार्ल गार्निए यांनी १८८७ मध्ये लेखक मोपासाँ यांच्यासह अनेक कलावंतांबरोबर या टॉवरविरुद्ध निषेधपत्रावर सही केली होती. परवानाही फक्त वीस वर्षांचा होता. तो संपत आला तेव्हा टॉवरला बिनतारी संदेशवहनानं वाचवलं. एवढी उंच अँटेना लष्कराला दुसरीकडे मिळणार नव्हती. आयफेल यांनी स्वतः इथे हवामानाचे आणि वायुगतीचे प्रयोग चालवले. १९१० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर वुल्फ यांनी वर जाऊन किरणोत्सर्ग मोजला. उंचीमुळे तो जितका घटायला हवा होता तितका कमी भरला नाही, आणि वैश्विक किरणांच्या शोधाची ती एक पायरी ठरली.

तिकीट आधीच ऑनलाइन काढावं. २०२४ पासून यूपीआयनंही पैसे भरता येतात. सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी आणि उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी जाड असावं, कारण वर वारा झोंबतो. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं २०,००० दिवे लुकलुकतात. ते मनोऱ्यावरून नीट दिसत नाहीत, त्यासाठी खाली उतरून येना पूल ओलांडावा आणि त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर जागा धरावी.