लोखंडी पेटीची पारख

रत्नागिरीच्या माणसास पेटीची पारख शिकवावयास नको. हापूसची पेटी घेणारें जाणतें गिऱ्हाईक वरचा थर पाहून पैसे मोजीत नाहीं. तें पेंढा बाजूस सारून तळचीं फळें पाहतें. औजारें, खतें, फवारणीचे पंप व रिकामे क्रेट ठेवण्यासाठीं जुना जहाजी कंटेनर आगरांत आणावा असें ज्या बागायतदाराच्या मनांत येतें, त्यानें हाच धडा ध्यानांत ठेवावा. कंटेनर ही देखील एक पेटीच होय. मात्र ती रिकामीच सव्वादोन टन भरते. घरीं आणल्यावर ती नासकी निघाली, तर परत पाठविण्याचा खर्चच मालकास जड होतो.

ही पेटी मूळची जहाजाची. पूर्वीं बंदरांत गोणी, पिंपें व खोकीं हमालांच्या पाठीवरून एकेक करून चढत. अमेरिकेंतील माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या मालकानें अख्खी पेटीच जहाजावर चढविण्याची युक्ति अंमलांत आणली. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. पुढें या पेट्यांचीं मापें जगभर ठरून गेलीं. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, आणि उरण-पनवेलच्या बाजूस कंटेनरांचीं मोठमोठीं आवारें उभीं राहिलीं. कोंकणांतील गिऱ्हाइकास जुना कंटेनर पाहावयाचा तर बहुधा तिकडेच जावें लागतें.

प्रथम माप ठरवावें. लहान कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद व साडेआठ फूट उंच असतो. मोठा ४० फूट लांब असतो. मोठ्यांत जागा दुपटीहून किंचित् अधिक मिळते; पण त्याची लांबलचक गाडी हातखंब्यापर्यंत सुखानें आली तरी पुढें वाडीच्या अरुंद वळणावर अडते. शिवाय पेटी उतरविण्यास क्रेन लागते, आणि ती उभी राहण्यास मोकळी जागा व वर तारा-फांद्या नसलेलें आकाश लागतें. म्हणून आधीं घरचा रस्ता मोजावा आणि मग पेटी मोजावी.

विक्रेते मालाच्या प्रती सांगतात. ‘वन ट्रिप’ म्हणजे एकच फेरी केलेला, जवळजवळ नवा. ‘कार्गो वर्दी’ म्हणजे अजून जहाजावर चढण्याजोगा. ‘विंड अँड वॉटर टाइट’ म्हणजे वारापाणी आंत न घेणारा. आणि ‘अ‍ॅज इज’ म्हणजे जसा आहे तसा, पुढें तक्रार नाहीं. ही नांवें ऐकून घ्यावीं, पण विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर ठेवावा.

परीक्षा सोपी आहे. भर दुपारीं आंत शिरावें, सोबत्याकडून दारें बाहेरून लावून घ्यावीं आणि अंधारांत उभें राहावें. छपरांत वा भिंतींत सुईएवढें जरी भोंक असलें तरी उजेडाचा कवडसा तें दाखवून देतो. जेथून ऊन येतें तेथून मृगाचा पाऊस येणारच. नंतर वांकून तळ पाहावा. जमिनीच्या जाड प्लायवूडखालीं लोखंडाच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना हातोडीनें ठोकावें. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येऊन पापुद्रे गळूं लागले तर पेटी सोडून द्यावी. जहाजावर एकावर एक रचलेल्या पेट्यांचा सर्व भार चार कोपऱ्यांचे खांब पेलतात, भिंती नव्हेत. म्हणून भिंतीवरचा पोचा क्षम्य, पण वांकलेला खांब क्षम्य नव्हे. दारें एका माणसास उघडतां यावीं आणि त्यांचें रबर अखंड असावें. ताज्या रंगाचा मात्र संशय घ्यावा, कारण रंगाखालीं ठिगळ सहज लपतें.

कागदहि तपासावे. प्रत्येक पेटीवर चार अक्षरें व सात आंकडे असलेला क्रमांक असतो. तो दारावर, आंत आणि बिलावर एकच असला पाहिजे. परदेशांतून येणाऱ्या पेट्या ठराविक मुदतींत परत जावयाच्या अटीवर जकातमाफ आणतां येतात. तेव्हां जकात भरून ती पेटी देशांत विक्रीस मोकळी झाली आहे, याचा पुरावा मागावा.

पेटी घरीं आली म्हणजे कोंकणची हवा तिची परीक्षा घेऊं लागते. कंटेनरचें पोलाद असें असतें कीं, वरचा गंजच घट्ट बसून आंतल्या धातूचें रक्षण करतो. पण खाऱ्या, दमट वाऱ्यांत तो थर नीट धरत नाहीं. म्हणून समुद्रालगत गंज खरवडून वेळोवेळीं रंग द्यावाच लागतो. चारी कोपऱ्यांखालीं जांभ्याच्या चिऱ्यांचे सारख्या पातळीचे चौथरे बांधावे, म्हणजे तळाखालून वारा खेळतो आणि दारें अडकत नाहींत. उघड्या सड्यावर पेटी जमिनीशीं जखडून ठेवावी; ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडच्या बागांची जी दशा केली ती विसरण्याजोगी नाहीं.

दोन गोष्टी मात्र या पेटीकडून अपेक्षूं नयेत. बंद लोखंडांत दिवसा भट्टी पेटते, आणि रात्रीं छत गार होऊन आंतल्याच वाफेचे थेंब खालीं टपकतात. म्हणून खतांच्या गोणी फळ्यांवर ठेवाव्या आणि पिकावयाचा आंबा आंत मुळींच कोंडूं नये. तसेंच जमिनीच्या लांकडास बहुधा कीटकनाशक पाजलेलें असतें आणि पूर्वींच्या मालाचा वासहि मुरलेला असतो. तेव्हां खाण्याचा जिन्नस तिच्यावर उघडा ठेवूं नये व गड्यास आंत निजवूं नये.

एका दिवसाचा प्रवास आणि एका दुपारची तपासणी एवढाच या पारखेचा खर्च आहे. तो वांचविणाऱ्यास भोंक कोठें होतें तें जून महिन्यांत भिजलेल्या गोणीच सांगतात.