लोणारी कोळशाच्या वड्या
लोणारी कोळशाच्या वड्या : लाकडी कोळशाचा चुरा बंधक द्रव्यात कालवून व दाबून तयार केलेले ठराविक आकाराचे घन इंधन. ह्यांना ब्रिकेट असेही म्हणतात. निखाऱ्यावर अन्न भाजण्यासाठी व धूर देऊन ते मंदपणे शिजविण्यासाठी ह्यांचा मुख्यत्वे उपयोग होतो. चुना भाजण्याचा व कोळसा पाडण्याचा व्यवसाय करणाऱ्या लोणारी जमातीवरून मराठीत लाकडी कोळशाला हे नाव मिळाले आहे.

हवेच्या अपुऱ्या पुरवठ्यात लाकूड तापविले म्हणजे त्यातील पाणी, डांबर व बाष्पनशील वायू निघून जातात आणि कार्बनाचे प्रमाण अधिक असलेला सच्छिद्र, ठिसूळ अवशेष उरतो. हाताळणीत त्याचा बराच चुरा होतो. तो शेगडीच्या जाळीतून गळतो व हवेची वाट अडवितो. वडी ही मुळात ह्या वाया जाणाऱ्या चुऱ्याची सोय होय. अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये वडीच्या रचनेचे एकस्व घेतले. तथापि तिचा प्रसार हेन्री फोर्ड यांच्यामुळे झाला. मोटारींना लागणाऱ्या लाकडासाठी त्यांनी मिशिगन राज्यात गिरणी उभारली होती. तेथील टाकाऊ लाकडापासून १९२० नंतरच्या दशकात उशीच्या आकाराच्या वड्या निघू लागल्या. हा व्यवसाय १९५१ मध्ये विकला गेला व पुढे किंग्जफर्ड ह्या नावाने चालला. जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये झाकणाची गोल शेगडी बनविली आणि घरामागील अंगणात मांस भाजण्याची अमेरिकन रीत रूढ होण्यास तिचे मोठे साहाय्य झाले.

घटक : चुऱ्याला बांधून ठेवण्यासाठी बहुधा स्टार्च वापरतात. काही उत्पादक ह्याशिवाय अँथ्रॅसाइट वा लिग्नाइट हे खनिज कोळसे, राख पांढरी दिसावी म्हणून चुनखडी, साच्यातून वडी सुटावी म्हणून टाकणखार आणि लवकर पेट घ्यावा म्हणून सोडियम नायट्रेट मिसळतात. चुनखडी उष्णता देत नाही. ती केवळ वजन व राख वाढविते. यूरोपीय मानक ईएन १८६०-२ नुसार अखंड कोळशात स्थिर कार्बन किमान ७५ टक्के व राख कमाल ८ टक्के असावी लागते. वड्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे ६० व १८ टक्के आहेत. म्हणजे मानकात बसणाऱ्या वडीच्याही १०० ग्रॅममागे १८ ग्रॅमपर्यंत राख उरू शकते. थोड्या वड्या तोलून पूर्णपणे जाळाव्यात व राख तोलावी. वेष्टनावरील वर्णनापेक्षा ही साधी परीक्षा अधिक सांगते.

भाजण्यासाठी : येथे प्रखर प्रारणित उष्णता लागते. अखंड कोळसा लवकर पेटतो, हवा वाढविताच तापतो. परंतु तुकडे लहानमोठे असल्याने आच विषम राहते व तो लवकर संपतो. वड्या एकाच आकाराच्या असल्याने आच सारखी व दीर्घकाळ टिकते. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या घन व टिकाऊ असतात, मात्र सावकाश पेटतात. जपानी ओगातानमध्ये क्रम उलटा आहे : भुसा तापवून दाबतात, त्यातील लिग्निन मऊ होऊन बंधकाचे काम करते आणि मग त्या पोकळ दांड्यांचा कोळसा पाडतात. बिंचोतान हा मात्र वडी नव्हे. वाकायामा भागातील ऊबामे ओकच्या फांद्यांचा हा कोळसा शेवटी सु. १,०००° से.पर्यंत तापवून राख-मातीच्या मिश्रणाखाली विझवितात. तो धातूसारखा खणखणतो आणि जवळजवळ धूर न करता जळतो.

धूर देण्यासाठी : येथे मंद आच (सु. १०५° ते १३५° से.) कित्येक तास राखावयाची असते व त्यासाठी वड्याच सोयीच्या ठरतात. वड्यांची गोलाकार रांग लावून एक टोक पेटविले, की आग हळूहळू पुढे सरकते. धुराचा स्वाद कोळशाचा असतो ही समजूत मात्र बरीचशी चुकीची आहे. ग्वायाकॉल, सिरिंगॉल इ. स्वादद्रव्ये लाकडातील लिग्निनाच्या विघटनातून येतात आणि कोळसा पाडतानाच ती निघून गेलेली असतात. म्हणून वड्यांवर ओक, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे ठेवावे लागतात. आपल्याकडील धुंगारातही निखारा केवळ तापलेला पृष्ठभाग पुरवितो. धूर होतो तो त्यावर सोडलेल्या तुपाचा. खनिज कोळसा मिसळलेल्या वडीचा आरंभीचा धूर उग्र असतो. अशी वडी राखेने पूर्ण माखेपर्यंत तीवर अन्न ठेवू नये.

चरबी निखाऱ्यावर ठिबकल्यास बेंझोपायरीनासारखी कर्ककारक संयुगे तयार होऊन अन्नावर बसतात. त्यामुळे चरबीयुक्त मांस निखाऱ्याच्या बाजूला ठेवून शिजविणे इष्ट होय. धूर दिलेल्या मांसातील बेंझोपायरीनाची मर्यादा यूरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून कि.ग्रॅ.मागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली आहे.

ह्याहून तातडीचा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा आहे. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. राखेने झाकलेली वडी विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत असते. भाजणे आटोपल्यावर शेगडी उबेसाठी खोलीत किंवा तंबूत नेल्याने माणसे झोपेतच दगावली आहेत. धूर नसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. चांगला कोळसाही हा वायू सोडतोच. वड्या बंद झाकणाखाली वा पाण्याने विझवून, पूर्ण थंड झाल्यावरच घरात आणाव्यात.

भारतात गुजरात, राजस्थान व तमिळनाडूत वेड्या बाभळीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर पाडतात. शहरांतील वापरावर मात्र निर्बंध येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. त्यानंतर महानगरपालिकेने तंदूर वापरणाऱ्या उपाहारगृहांनाही तशा सूचना दिल्या.