काडीला पाने फुटली, मुळांचे काय?

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरांतले गाव. तिथल्या राजवाडी होळीमुळे ते पुष्कळांना ठाऊक असते. या डोंगरांत ओढ्याकाठी उंबर आढळतो. पिकलेले उंबर फोडले की आतून चिलटांएवढे कीटक बाहेर पडतात, हे तिथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. बाजारातले अंजीर हे उंबराचेच भाऊबंद. पण आपल्याकडचे अंजीर फोडले तर त्यात हा कीटक नसतो. अंजिराचे रोप बी पेरून न करता काडी लावून का करतात, याचे उत्तर या फरकात आहे.

उंबर काय किंवा अंजीर काय, ज्याला आपण फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे. उंबराच्या फुलांचे परागण गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक सूक्ष्म कीटक करतो. त्यामुळे सकस बी तयार होते आणि पक्षी व वटवाघळे ते दूरवर नेतात. पुणे जिल्ह्यात, मुख्यतः पुरंदर भागात होणारे अंजीर (त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले) परागणाशिवायच फळते. खाताना दाताखाली येणाऱ्या त्याच्या बिया आतून पोकळ असतात. त्या पेरून काय उगवणार? जॉर्डनच्या खोऱ्यात गिल्गाल येथे सापडलेली सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरे अशीच बीजहीन होती, म्हणजे माणूस तेव्हाही काड्या लावत असावा, असे मत काही संशोधकांनी २००६ साली मांडले. ते सर्वांनी मान्य केलेले नाही.

शाळेत हा प्रयोग करायला संक्रांतीच्या सुमाराचा काळ चांगला. थंडीत झाड विश्रांतीत असते आणि फांदीत पिष्टाचा साठा भरपूर असतो. साधारण वर्षभराची, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड फांदी घ्यावी. वीतभर लांबीची, चार-पाच डोळे असलेली काडी कापावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा. अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून कापण्याचे काम शिक्षकांनीच करावे व हात धुवावेत. वाळू आणि माती मिसळून भरलेल्या, तळाला भोके असलेल्या पिशवीत काडीचा निम्म्याहून अधिक भाग पुरावा आणि पिशवी सावलीत ठेवावी.

दोन-तीन आठवड्यांत वरचा डोळा फुटतो, हिरवे पान दिसते. वर्गात आनंद होतो. पण हे पान मुळे फुटल्याची खूण नव्हे. ते काडीतल्या शिदोरीवर वाढलेले असते. मुळे बहुधा मागाहून येतात, आणि गारठा असेल तर आणखी उशिरा. या मधल्या काळात वरची वाढ थांबल्यासारखी दिसते. मग कोणी काडी हलवून पाहतो, कोणी उपटून पाहतो, कोणी दुप्पट पाणी घालतो. उपटल्याने कोवळी मुळे तुटतात. जास्त पाण्याने मातीतली हवा जाते व काडीचे बूड कुजते. आमच्या मते, पुष्कळ काड्या अशा काळजीनेच मरतात.

जमिनीखाली त्या वेळी बरेच काही चाललेले असते. डोळ्यांत व कोवळ्या पानांत ऑक्झिन हे संप्रेरक तयार होते आणि काडीतून खाली उतरते. खालच्या टोकाशी ते साचले की वाहिन्यांजवळच्या काही पेशी पुन्हा विभागू लागतात व त्यांतून मुळांचे अंकुर घडतात. यातले इंडोल ॲसेटिक आम्ल मुळे फुटायला लावते, हे १९३०च्या दशकाच्या मध्यास सिद्ध झाले. कलमांसाठी मिळणाऱ्या भुकट्यांत त्याचेच भावंड, इंडोल ब्युटिरिक आम्ल, वापरतात. अंजिराला बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

मग मुळे आली की नाहीत हे कळणार कसे? त्यासाठी एक काडी घेऊन भागणार नाही, बारा लावाव्यात. दर आठवड्याला चिठ्ठी टाकून एक निवडावी, ती पाण्यात अलगद धुऊन काढावी, तिची पाने व मुळे मोजावीत आणि ती बाजूला ठेवावी. उरलेल्यांना हात लावू नये. आठवडे आडव्या अक्षावर घेऊन पाने आणि मुळे यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढावेत. पानांचा आलेख आधी चढतो, मुळांचा मागून, आणि या दोहोंमधले अंतर मुलांना स्वतःच मोजता येते. चिठ्ठी टाकणे महत्त्वाचे आहे, कारण डोळ्यांनी निवडली तर हात नेमका मरतुकड्या काडीकडे जातो.

जागा असेल तर दोन काड्या मुद्दाम उलट्या लावाव्यात. हेरमान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली विलोच्या फांद्या उलट्या टांगून पाहिल्या होत्या. मुळे फुटली ती मूळच्या खालच्या टोकालाच, जरी ते आता वर होते. अंजीर काय करते ते मुलांनी आधी वहीत लिहून ठेवावे.

होळीपर्यंत बहुतेक काड्यांचा निकाल लागलेला असतो. तरी जिवंत काड्या लगेच उघड्यावर लावू नयेत. डोंगरातला एप्रिल-मेचा कोरडा वारा चार मुळांच्या रोपाला झेपत नाही. पिशव्या सावलीतच राहू द्याव्यात आणि पहिला पाऊस मुरल्यावर खड्डा घ्यावा. तोवर एखाद्या काडीला पान नसेल, तर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर तिला आणखी पंधरा दिवस द्यावेत.