चारा बांधून ठेवायची जुनी रीत: लाकडी पेटी, सुतळी आणि भाड्याचं बेलर



दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात चाऱ्याला कोणी विचारत नाही. धुऱ्यावर, पडीत वावरात, नाल्याच्या काठानं गवत कमरेएवढं उभं असतं. आणि एप्रिल-मे लागला की तोच चारा विकत घ्यायला पैसे पुरत नाहीत, मग घरातलं जनावर बाजारात जातं. गाय विकायचं ठरवतात घरातली माणसं, पण दुधाचे पैसे बंद झाले की किराण्यापासून लेकराच्या वहीपर्यंतची ओढाताण आपल्या वाट्याला येते. म्हणून आज आम्ही गवत वाळवून त्याच्या गठाणी बांधायच्या कामाबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी नवी मशीन घ्यावी लागत नाही. घरात पडलेल्या जुन्या सामानावर हे काम होतं.

आपल्या सासवा म्हणतील, हे काय नवीन? त्यांचं खरं आहे. वऱ्हाडात ज्वारी भरपूर होती तेव्हा कडब्याची पेंडी अंबाडीच्या वाखानं बांधली जायची आणि गंजी अशी रचायची की पाऊस आला तरी आतली पेंडी कोरडी. सोयाबीन आलं, ज्वारी मागं पडली, आणि पेंडीसोबत बांधायची सवयही गेली. हडंब्यातून निघतं ते कुटार. कुटार बारीक असतं, त्याला दोरी धरत नाही. तेव्हा पहिलीच गोष्ट सांगून ठेवतो: सोयाबीन, तूर, हरभरा यांचं कुटार पेटीत घालून बांधायला जाऊ नका. ते पोत्यात दाबून भरा, नाहीतर कोरड्या खोलीत टाका. गठाण होते ती लांब काडीच्या चाऱ्याची, म्हणजे गवताची.

गठाण कशासाठी, हे समजायला मूर्तिजापूरचं उदाहरण घ्या. यवतमाळ आणि अचलपूरकडून छोट्या रुळांची शकुंतला गाडी मूर्तिजापूरला यायची, ती मुख्यतः कापसासाठी. मोकळा कापूस नेला तर डबा भरतो, पण वजन भरत नाही. म्हणून जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. आजही एक गाठ 170 किलोची धरतात. चाऱ्याचंही तसंच. मोकळं गवत घर भरून टाकतं, बांधलेलं साधारण निम्म्या जागेत बसतं. शिवाय मोजता येतं, आणि हा फायदा आम्हाला जागेपेक्षा मोठा वाटतो. गंजीकडं पाहून चारा किती दिवस पुरेल ते कळत नाही, गठाणी मोजल्या की कळतं.

आता कापणी. गवत फुलोऱ्यात आलं की कापायचं. बी पडेपर्यंत थांबलं तर काडी टणक होते आणि तिच्यातला कस जातो. मारवेल, पवन्या ही गवतं चांगली. कुसळी गवत असेल तर कुसळं धरायच्या आधीच विळा लावा, नंतर ती कुसळं जनावराच्या तोंडात आणि हिरड्यांत रुततात. कापलेलं गवत पातळ पसरा, दाताळ्यानं दिवसातून दोनदा उलटा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतं. रंग हिरवट राहिला पाहिजे. पिवळं पडेपर्यंत उन्हात ठेवलेल्या गवताचं पोट भरतं, दूध वाढत नाही.

वाळलं की नाही, हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. मूठभर गवत घेऊन पिळा. काड्या मोडायला लागल्या आणि ओल हाताला लागली नाही, तर ठीक. आणखी खात्री हवी असेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले किंवा ते बरणीला चिकटलं, तर ओल जास्त आहे. मीठ मोकळं राहिलं तर बांधा. ओलसर गठाणीला आत बुरशी येते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आतल्या आत तापते. ढीग मोठा असेल तर स्वतःच पेट घेऊ शकते. पहिले दोन-तीन आठवडे रचलेल्या गठाणींच्या मधे लोखंडी सळई खुपसून ठेवा, थोड्या वेळानं काढून हात लावा. सळई धरवत नसेल तर ढीग ताबडतोब मोकळा करा, आणि जवळ पाणी भरून ठेवल्याशिवाय त्याला हात घालू नका.

पेटी कशी, ते सांगतो. वर-खाली दोन्हीकडून उघडी, नुसत्या चार बाजूंची. लांबी 85 सेंटिमीटर, रुंदी 55, उंची 45. म्हणजे अंदाजे पावणेतीन फूट, पावणेदोन फूट आणि दीड फूट. मोडक्या बंडीच्या फळ्या याला उत्तम. आतली बाजू गुळगुळीत करून घ्या आणि खालचं तोंड बोटभर रुंद ठेवा, म्हणजे पेटी वर उचलली की सहज निघते. दोन्ही बाजूंना मुठी लावा.

पेटी सपाट जागेवर ठेवून दोन सुतळ्या लांबीच्या दिशेनं तळाशी टाका, टोकं बाहेर सोडा. एकेक सुतळी दहा फूट लागते. गवताचा थर टाकायचा, एकीनं आत उभं राहून पायानं तुडवायचा, पुन्हा थर. कोपरे नीट भरा, गठाण ढिली पडते ती कोपऱ्यातून. तोंडापर्यंत भरलं की दोघींनी सुतळी ओढून गाठ मारायची आणि पेटी उचलायची. चांगलं तुडवलं तर वीस किलोच्या आसपास भरते. हे काम सकाळी दव उडाल्यावर करा. भर दुपारी पानं झडून मातीत जातात, आणि सत्त्व पानातच असतं.

हिशेब असा. दोन जनावरं, प्रत्येकाला रोज सहा किलो वाळलं गवत, बाकी कुटार-ढेप वेगळी. मार्च ते जून चार महिन्यांचे 120 दिवस धरले तर 1440 किलो, म्हणजे वीस किलोच्या 72 गठाणी. चार थर रचले तर नऊ बाय अकरा फुटांची जागा पुरते. खाली लाकडं किंवा तुराट्यांचा थर द्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, आणि विजेच्या तारेखाली कधीही रचू नका.

काही गावांत ट्रॅक्टरवर चालणारं जुनं बेलर भाड्यानं मिळतं. पाच-सहा घरांचं गवत एकत्र असेल तर परवडतं. पण मशीन वावरात येऊ द्यायच्या आधी तिच्याभोवती एक चक्कर मारा. ट्रॅक्टरपासून बेलरपर्यंत जो दांडा फिरतो, त्यावर कव्हर आहे का, ते पाहा. जुन्या मशीनवर ते बहुतेक निघालेलं असतं. कव्हर नसेल तर काम नको, असं स्पष्ट सांगा. पदर, ओढणी, मोकळी वेणी त्या दांड्यानं धरली तर सोडवायला वेळ मिळत नाही. गवत अडकलं तर ट्रॅक्टर बंद करून चावी हातात घेतल्यावरच काढायचं. शिअर बोल्ट तुटला तर तसाच बोल्ट घालायला लावा. काही जण खिळा किंवा जाड बोल्ट ठोकतात. तो बोल्ट मशीन वाचावी म्हणून तुटण्यासाठीच केलेला असतो. हेच हाताच्या कुट्टी मशीनचं. पात्याला झाकण बसवा, काम नसताना चाक साखळीनं बांधून ठेवा. लेकरं चाक फिरवायला धावतात.

सुतळी शक्यतो तागाची किंवा वाखाची घ्या. प्लास्टिकची स्वस्त पडते, पण तुकडा चाऱ्यात गेला तर जनावराच्या पोटात गोळा होऊन बसतो. प्लास्टिकचीच वापरत असाल तर गोठ्याच्या दाराजवळ एक खिळा ठोका. गठाण सोडली की दोन्ही सुतळ्या त्यावर अडकवायच्या, मगच चारा टाकायचा. त्याच सुतळ्या पुढच्या दिवाळीला पुन्हा कामी येतात.